अंगण वाकडं असेल तर?

मराठीतल्या काही म्हणींवर माझं प्रेम आहे आणि काहींची मला चक्क भीती वाटते. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही त्या दुसऱ्या जातीतली. ऐकायला मोठी ठसकेबाज. चार शब्दांत समोरच्याचं तोंड बंद करते. एकदा का ती कुणी तुमच्या अंगावर फेकली, की पुढे बोलायला जागाच उरत नाही. पोळी करपली आणि तुम्ही म्हणालात, "तवा फार पातळ आहे हो," की आलीच ही म्हण. मुलाचं अक्षर बिघडलं आणि तो बिचारा म्हणाला, "पेनाची निब फाकली आहे," की पुन्हा तीच. तव्याविषयी तुम्ही जितकं अधिक बोलाल, तितक्या सुगरणपणाच्या पायऱ्या उतरत जाल!

मराठी शिकवता शिकवता माझी वीस वर्षं गेली. म्हणीचा अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, या प्रश्नाच्या किती उत्तरपत्रिका तपासल्या याची मोजदाद नाही. पण इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला विचारलं नाही, की "मॅडम, अंगण खरोखरच वाकडं असेल तर?" म्हण रचणारानं अंगण सरळ आहे हे गृहीतच धरलं. त्यावर पाणसळ ठेवून कुणी पाहिलं होतं का, हे म्हण सांगत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत हा प्रश्न मला विचारला तो एका तीरकमठ्यानं. त्याची ही हकीकत.

माझी भाची नागपूरला असते. वय वर्षं सोळा. तिच्या वयाच्या मुली गाणं शिकतात, बॅडमिंटन खेळतात. ही तिरंदाजी शिकते. नागपूरकडे आता यात नवल वाटण्यासारखं काही राहिलेलं नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथे नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी असे आपले दोघेजण एकाच दिवशी कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेते झाले. अदिती तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. ओजसनं तर अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवले. हा काय प्रकार आहे ते नीट लक्षात घ्या. पन्नास मीटरवर लक्ष्य. त्याच्या मधोमध आठ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं वर्तुळ. त्या वर्तुळात पंधराच्या पंधरा बाण! त्यानंतर आमच्या भाचीच्या खोलीत सिनेनटाचा फोटो होता तिथे ओजसचा लागला, यात तिचा काय दोष?

पहिलं वर्ष छान गेलं. मग कुठेतरी माशी शिंकली. बाण पांगू लागले. एक डावीकडे, एक उजवीकडे, मधूनच एखादा बरोबर मध्यावर, आणि त्याच्या आशेनं मारलेला पुढचा पुन्हा भलतीकडे. सप्टेंबरात निवड चाचणी होती, तीत ती मागे पडली. "धनुष्यात काहीतरी बिघडलंय," असं ती घरी म्हणाली मात्र, आणि आमच्या भाऊजींनी तीच म्हण तिच्या पुढ्यात ठेवली.

भाऊजी माणूस प्रेमळ. ते महागडं धनुष्य त्यांनी हप्त्यांनी घेतलेलं. पण त्यांचा हिशेब सरळ होता. धनुष्य तेच, बाण तेच, मुलगी तीच. मग बदललं ते मुलीचं लक्ष. म्हणीपाठोपाठ अर्जुनाची गोष्टही झाली. "अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसत होता. तुला काय काय दिसतं ते सांग!" मुलीनं काही सांगितलं नाही. तिनं दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, की दिवाळीनंतर धनुष्य विकून टाका. मला ते येत नाही.

बहिणीचा फोन आला तेव्हा या शेवटच्या वाक्यानं मी चरकले. मुलगी रागावली असती तर मला काळजी वाटली नसती. तिला ते खरं वाटू लागलं होतं. सोळाव्या वर्षी 'मला येत नाही' हे वाक्य एकदा मनात रुजलं, की ते एका धनुष्यापाशी थांबत नाही. पुढे गणितालाही तेच, गाण्यालाही तेच. "सुट्टी लागली की तिला रामटेकला पाठव," मी म्हटलं, "आणि ते धनुष्यही बरोबर दे."

आता त्या पोपटाच्या गोष्टीविषयी थोडं. महाभारतात तो पोपट नाहीच. तो भास नावाचा पक्षी, आणि तोही कारागिरांकडून मुद्दाम करवून घेतलेला खोटा. पण ते असो. ही गोष्ट आपण सारे पिढ्यान् पिढ्या सांगत आलो, आणि सांगताना डोळा तेवढा ठेवला. अर्जुनाच्या हातातलं धनुष्य त्याच्या बळाला साजेसं होतं का, त्याची दोरी कुणी बांधली, बाण कुणी निवडून दिले, हे आपण विचारत नाही. गांडीव त्याला पुढे खांडववनाच्या वेळी मिळालं. तेव्हाचं धनुष्य दुसरंच होतं. द्रोणाचार्यांसारखा गुरू शिष्याच्या हाती विजोड धनुष्य देणार नाही, असं मी आपलं धरून चालते. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र आपण डोळ्याची चौकशी करतो आणि दोरीची करत नाही.

भाची आली. मोठ्या पेटीतून तिनं ते धनुष्य बाहेर काढलं तेव्हा मी पाहातच राहिले. आमच्या डोळ्यांसमोर धनुष्य म्हणजे गडावरच्या रामाच्या हातातलं. हे म्हणजे एखादा छोटा रहाटच वाटला. दोन्ही टोकांना लंबवर्तुळाकार चाकं, त्यांवरून जाणाऱ्या तीन-तीन दोऱ्या, मध्ये धातूची मूठ, जागोजागी स्क्रू. होलिस ॲलन नावाच्या एका अमेरिकन माणसानं हे धनुष्य बनवलं. १९६६ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्याला मिळालं. गृहस्थ शिकारी होता. हरीण झाडाआडून बाहेर येईपर्यंत ताणलेली दोरी धरून ठेवायची म्हणजे हात थरथरतात. ॲलनच्या चाकांची करामत अशी, की दोरी पुरी ओढून झाली की हातावरचं ओझं एकदम हलकं होतं आणि नेम धरायला सवड मिळते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचे दिवस संपवले. तेव्हा शिकाऱ्याचं हे धनुष्य आमच्या घरामागे आलं ते पोत्यावर बाण मारायला.

पोत्यात जुन्या साड्या आणि चिंध्या ठासून भरल्या. त्याच्यामागे मातीचा उंच ढिगारा होताच. त्या बाजूला कुणी फिरकणार नाही अशी व्यवस्था केली, आणि अठरा मीटर मोजून खूण केली. आमचं हे अंगण, सांगायला हरकत नाही, खरोखरच वाकडं आहे. पावसाचं पाणी नालीकडे जावं म्हणून सासऱ्यांनी ते मुद्दाम उतरतं ठेवलेलं आहे. भाचीला मी ते सांगितलं तेव्हा चार दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

तिच्यापाशी धनुष्य जुळवण्याची एक इंग्रजी पुस्तिका होती. तिच्या वर्गात चाळीस मुलं. शिकवणाऱ्यांना एकेकाचं धनुष्य घेऊन बसायला वेळ कुठला मिळणार? पुस्तिका कुणी उघडलीच नव्हती. तिला धनुष्य कळत होतं, मला पुस्तकाशी झटापट करायची सवय होती. आम्ही दोघी ओसरीवर बसलो. आणि काय सांगू, जिला मी परकी विद्या समजत होते तिचे सगळे शब्द आपल्या घरातच निघाले! बाणाच्या शेपटीची खाच, जी दोरीवर बसते, ती इंग्रजीत नॉक. आपला शब्द पुंख. कालिदासाच्या रघुवंशात सिंहावर बाण सोडू पाहणाऱ्या दिलीपाची बोटं चिकटून बसतात ती या पुंखालाच. ज्या रामगिरीवरून कालिदासानं मेघ पाठवला, तो म्हणजे आमचं रामटेकच, असं वासुदेव विष्णु मिराशी यांनी साधार मांडलं. तेव्हा हा शब्द तर आमच्या गावकऱ्याकडूनच मिळाल्यासारखा! दोरी म्हणजे ज्या, जीवा, मौर्वी. मूर्वा नावाच्या वनस्पतीच्या वाखाची ती मौर्वी. भूमितीत वर्तुळाची जीवा आपण काढतो ती हीच दोरी. आणि दोरीला संस्कृतात आणखी एक नाव आहे: गुण. दोरी उतरवलेलं धनुष्य म्हणजे निर्गुण. "म्हणजे गुण हा धनुष्याच्या आत नसतो, तो त्याला चढवावा लागतो," मी म्हटलं. "मावशी, पुढचं पान," भाची म्हणाली.

पुढच्या पानावर पहिलीच सूचना मला फार आवडली. बाण मध्यावर लागतात का हे आधी पाहू नका, ते एकत्र लागतात का ते पाहा. सहाच्या सहा बाण एकाच ठिकाणी, पण मध्यापासून वीतभर लांब लागले, तर हळहळायचं कारण नाही. नेमाची काच चार सुतं सरकवली की झालं. पण सहा बाण सहा दिशांना गेले तर मात्र काच सरकवून उपयोग नाही. तिथे दुखणं खोल आहे. ते माणसात असेल, धनुष्यात असेल, बाणात असेल, किंवा त्यांच्या सोयरिकीत असेल.

हे शोधायचं कसं? तर कागद फाडून. आता हसू नका. दारामागे पडलेली जुन्या खिडकीची चौकट मी काढली. आकाशकंदिलासाठी खळ शिजवलेली होतीच. तिनं चौकटीवर वर्तमानपत्राचा कागद ताणून चिकटवला. (रद्दीतल्या जुन्या दिवाळी अंकांकडे भाचीची नजर गेली होती; पण त्यांना मी हात लावू दिला नाही.) पोत्याच्या पुढे ही चौकट उभी करायची, तिच्यापासून सुमारे दोन मीटरवर उभं राहायचं आणि कागदातून आरपार बाण मारायचा. बाण सरळ उडत असेल तर कागदाला एक गोल भोक पडतं आणि त्याभोवती तीन पिसांच्या तीन चिरा. पण बाण तिरका जात असेल, तर टोक एका जागी कागद फोडतं आणि शेपूट दुसऱ्या जागी. मग कागदाला लांब फाट पडते. शेपूट वर गेलेलं दिसलं तर पुंख दोरीवर फार उंच बसतो आहे असं समजावं. तो खाली घ्यावा, नाहीतर बाणाचा टेकू वर करावा. शेपूट बाजूला गेलं असेल तर टेकू आडवा सरकवून पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीही केसभर, आणि प्रत्येक बदलानंतर तीन बाण मारायचे.

पहिल्या कागदावर शेपूट वरही गेलेलं होतं आणि डावीकडेही. चांगली तीन बोटं लांब फाट. भाचीनं तो कागद हातात घेतला आणि कितीतरी वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. आजवर तिच्या चुकीविषयी सगळे नुसते बोलत होते. ती चूक डोळ्यांना दिसेल अशी तिच्या हाती पहिल्यांदाच आली होती.

वरची फाट दोन तासांत गेली. दोरीवरचा छोटा फासा दोन सुतं खाली बांधला, एवढंच. डावीकडची मात्र जाईना. टेकू इकडे सरकवला, तिकडे सरकवला. फाट थोडी हलायची आणि पुन्हा तिथेच. मध्येच एका कागदावर ती उजवीकडे गेली! पुस्तिकेनं सांगितलं, मूठ पाहा. भाचीनं मूठ पाहिली. बाण डावीकडे जातो या धास्तीनं तिनं धनुष्य इतकं आवळून धरलं होतं, की सुटताना ते मनगटात पिळलं जात होतं. तो दोष तिचाच होता, आणि तिनं तो चटकन कबूल केला. कागदावर ती चिडणार कशी? कागद ना भाऊजींच्या बाजूचा, ना तिच्या. बोटं सैल सोडून, धनुष्य अंगठ्याच्या मुळाशी नुसतं टेकवून तिनं पुन्हा बाण मारले. ते उजवीकडचं वेड गेलं. पण डावी फाट होती तशीच राहिली.

आता बाणाकडे वळणं भाग होतं. 'बाणासारखा सरळ' असं आपण म्हणतो. पण बाण सरळ जातो ही कवींची समजूत. दोरी सुटली की ती शेपटाला मागून जोरानं ढकलते. पुढचं जड टोक काही लगेच हलायला तयार नसतं. मग मधली काडी वाकते. वाकते, उलटी वाकते, पुन्हा सुलटी वाकते, आणि पाण्यातल्या माशासारखी वळवळत बाण निघतो. साध्या धनुष्यात तर बाण दांड्याच्या कडेला टेकलेला असतो. दोरी त्याला दांड्यावर दाबते, तरी तो दांड्याला वळसा घालून नेमाकडेच जातो. या चमत्काराला रॉबर्ट एल्मर या अमेरिकन तिरंदाजानं १९१३ मध्ये 'तिरंदाजाचं कोडं' असं नाव दिलं. कोड्याचं उत्तर बाणाच्या लवचिकपणात आहे. तो अगदी ताठ असेल तर वळसा घालता येत नाही. फार लवचिक असेल तर वळवळ आवरता येत नाही. किती लवावं याचं माप प्रत्येक धनुष्याला वेगळं.

हे माप मोजण्याची रीत एखाद्या गृहिणीला सुचावी इतकी साधी आहे. २८ इंच अंतरावर दोन टेकू ठेवायचे, त्यांवर बाणाची काडी आडवी ठेवायची, मधोमध ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं आणि काडी किती झुकते ते पाहायचं. अर्धा इंच झुकली तर तिचा आकडा ५००. आकडा जितका मोठा तितकी काडी लवचिक. भाचीच्या बाणांवर आकडा होता ७००. पुस्तिकेच्या शेवटी एक तक्ता होता. धनुष्याचा जोर किती, बाणाची लांबी किती, त्यावरून काडी कोणती ते सांगणारा.

"तुझ्या धनुष्याचा जोर किती?" मी विचारलं.

"आता ४८ पौंड."

"आता म्हणजे? आधी किती होता?"

"बाण घेतले तेव्हा ४०. मग मला सोपं जायला लागलं, म्हणून वाढवत नेला. ओढसुद्धा वाढलीय माझी, पाऊण इंच." आणि ती एकदम गप्प झाली.

तक्त्यात ४० पौंडांसमोर तिचेच बाण होते. ४८ च्या ओळीत ६०० पेक्षा कमी आकड्याचे, म्हणजे बरेच ताठ बाण दिले होते. वर्षभर पहाटे उठून, दंड-बैठका काढून मुलीनं आठ पौंडांची ताकद कमावली होती, आणि नेमका तोच जोर तिच्या जुन्या बाणांना सोसत नव्हता. ते सुटताना जास्त वाकत, पिसं त्यांना सावरायला धडपडत, आणि हाताच्या बारीकशा फरकानंही ते भलतीकडे जात. तिची तयारी जसजशी वाढत गेली, तसतसे बाण पांगत गेले. भाऊजींच्या हिशेबात धनुष्य तेच, बाण तेच, मुलगी तीच होती. त्यातली मुलगी तीच नव्हती.

पण पुस्तकात आहे म्हणून मान्य करणारी ही पिढी नव्हे. खात्री कशी करायची? नवे बाण तर हाताशी नव्हते. भाचीनंच युक्ती काढली. धनुष्याच्या दोन्ही पात्यांचे बोल्ट तिनं ॲलनच्या पान्यानं दोन-दोन फेरे सारखेच सैल केले. (धनुष्य शोधणाराही ॲलन आणि पानाही ॲलन, पण या दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही.) जोर उतरला. नवा कागद चिकटवला. फाट बोटभर राहिली. आणखी एक फेरा सैल केला. आता फाट उरली नखाएवढी. मग तिनं शेवटची परीक्षा घेतली. एका बाणाची पिसं सोलून काढली. पिसं नसलेला बाण काही लपवू शकत नाही. धनुष्याची आणि बाणाची जोडी जमली नसेल तर तो सरळ भरकटतो. पिसांचे दोन आणि बिनपिसांचा एक असे तीन बाण तिनं अठरा मीटरवरून मारले. तिन्ही बाण पोत्यात एका तळहाताखाली झाकता येतील इतके जवळ बसले.

ती धावत गेली नाही की ओरडली नाही. धनुष्य खाली ठेवून हळूहळू पोत्यापर्यंत चालत गेली आणि त्या तीन बाणांवर हात ठेवून उभी राहिली. मी स्वयंपाकघरात निघून गेले. अशा वेळी माणसाला एकटं सोडावं.

पाडव्याला बहीण आणि भाऊजी आले. ओसरीवर आकाशकंदिलाच्या दोरीलाच भाचीनं ते सगळे फाटके कागद क्रमानं टांगले होते. प्रत्येकावर तारीख, काय बदललं ते, आणि फाटीची लांबी. भाऊजींनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत वाचत गेले. मूठ चुकल्याचा कागदही त्यात होता; तो तिनं काढून टाकला नव्हता. शेवटच्या कागदापाशी ते थांबले. "हे बाण मागच्या वर्षीच्या माझे आहेत, बाबा," ती म्हणाली. भाऊजींनी अर्जुनाचं नाव काढलं नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "किती आकड्याचे हवेत? लिहून घेतो." त्या पाडव्याची ओवाळणी ही अशी ठरली.

दिवाळीनंतर मी तिला एका ठिकाणी नेलं. देवलापारच्या पलीकडे, पेंचच्या जंगलाच्या बाजूला माझ्या एका गोंड विद्यार्थ्याचं घर आहे. त्याच्या आजोबांचा तीरकमठा भिंतीवर टांगलेला असतो. शिकारीला तो आता जात नाही. नातवंडांना दाखवायला तेवढा खाली येतो. कमठा बांबूचा आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. आजोबांनी भाचीचा काळा गुळगुळीत कार्बनचा बाण हातात घेतला. एक डोळा मिटून काडीवरून नजर फिरवली, अंगठ्याच्या नखावर तो गरगर फिरवून पाहिला, दोन्ही हातांनी किंचित वाकवला आणि सोडला. मला वाटलं, आता म्हणतील चांगला आहे किंवा वाईट आहे. त्यांनी विचारलं, "हा कोणत्या कमठ्याचा हाय जी?"

मग त्यांनी आपले बाण दाखवले. वाकडी काडी निखाऱ्यावर शेकून हातानं सरळ करायची, पुन्हा नखावर फिरवायची, पुन्हा शेकायची. "ह्याचे बाण त्याले नाही चालत," ते म्हणाले. "ज्याचे त्याले." आमच्या पुस्तिकेची चाळीस पानं त्या दोन शब्दांत बसत होती. भाची त्यांच्यासमोर उकिडवी बसून बराच वेळ ती शेकण्याची रीत पाहात राहिली.

ती अजून जगज्जेती झालेली नाही. यंदाच्या चाचणीत ती निवडली गेली, पुढच्या फेरीत हरली, आणि घरी येऊन म्हणाली, "आज बाण ठीक होते, माझाच हात थकला होता." हे वाक्य मला पदकाइतकं मोलाचं वाटतं. कारण ते तपासून केलेलं विधान आहे. 'मला येत नाही' असं ती आता म्हणत नाही. 'धनुष्य बिघडलंय' असंही नुसतं म्हणत नाही. आधी कागद ताणते.

मी मात्र तेव्हापासून वर्गात जरा अडखळते. मागच्या बाकावर तोंड मिटून बसणारा एखादा मुलगा दिसतो. पूर्वी मोकळेपणी बोलणारा हा मुलगा बारावीनंतर कॉलेजात आला आणि गप्प झाला. याचं लक्ष नाही असं म्हणणं सोपं आहे. पण शाळेतले जुने बाण घेऊन तो नव्या जोराच्या धनुष्याशी झगडत नसेल कशावरून? दरवेळी तसंच असतं असं मी म्हणत नाही. आळशी मुलंही मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि अंगणाला नावं ठेवणारे नाचरेही. माझं म्हणणं इतकंच, की निकाल देण्याआधी एक कागद ताणून पाहायला फार खर्च येत नाही. एक चौकट, थोडी खळ आणि घरातली रद्दी.

दिवाळी सरली की पंधरा दिवसांनी कार्तिकी पौर्णिमा येते. आमच्या रामटेकच्या गडावर यात्रा भरते, त्रिपूर पेटतो. महादेवानं एका बाणात तीन नगरं जाळली त्याची ही आठवण. त्या एका बाणासाठी काय तयारी होती म्हणता! पृथ्वीचा रथ, चंद्र-सूर्याची चाकं, ब्रह्मदेव सारथी, मेरूपर्वताचं धनुष्य आणि बाण प्रत्यक्ष विष्णू. महिम्नस्तोत्र म्हणणाऱ्या घरांना ठाऊक असेल, की पुष्पदंतानंही तिथे कौतुकानं विचारलं आहे, गवताच्या काडीएवढ्या त्रिपुरासाठी हा एवढा खटाटोप कशाला? मला आता त्याचं उत्तर ठाऊक आहे असं वाटतं. बाण एकच होता. त्याला जोडीचं धनुष्य हवं होतं, आणि देवालासुद्धा ते आधी जुळवून घ्यावं लागलं. एवढं सामान गोळा होत असताना जमलेल्या देवांपैकी एकानंही महादेवाला 'नाचता येईना अंगण वाकडं' असं म्हटल्याचं कुठल्या पुराणात मी वाचलेलं नाही. म्हणणार तरी कोण? समोर साक्षात नटराज उभा होता!